वंशावळ खालून वर वाचा : गढ्याच्या राजांची चोपन्न नावं

जबलपूरहून पुन्हा एकदा तुमच्या भेटीला आलोय.

या मालिकेवर येणाऱ्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न सतत असतो. कुणी इंदूरहून विचारतं, कुणी बेळगावहून, कुणी बडोद्याहून. प्रश्न साधारण असा : “आमचं घराणं अमुक राजापासून किंवा अमुक सरदारापासून आलं असं घरात सांगतात. आमच्याकडे वंशावळही आहे. ती खरी की खोटी, हे कसं ओळखायचं?”

याचं उत्तर नुसत्या नियमांनी देण्यापेक्षा एका खऱ्या वंशावळीवर देऊ या. ती वंशावळ आमच्या शेजारचीच आहे. आजच्या जबलपूर शहरात गढा नावाची वस्ती आहे, तिथून जवळच टेकडीवर मदनमहाल आहे. इथे गोंड राजांचं राज्य होतं. राणी दुर्गावती याच घराण्याची सून. या घराण्याची चोपन्न राजांची यादी दगडावर कोरलेली आहे. ती कशी तपासायची, ते आज बघू.

दगड काय सांगतो

जबलपूरपासून मंडला सुमारे शंभर किलोमीटर आणि मंडल्यापासून पुढे वीसेक किलोमीटरवर नर्मदेच्या काठी रामनगर. तिथे मोतीमहाल नावाचा राजवाडा आहे आणि त्यात एक संस्कृत शिलालेख आहे. काळ संवत १७२४, म्हणजे इसवी सन १६६७. त्या वेळी राज्यावर हिरदेशाह होता. त्याची राणी सुंदरीदेवी हिने विष्णूचं मंदिर बांधलं, त्या निमित्ताने हा लेख कोरला गेला. रचना जयगोविंद नावाच्या पंडिताची.

लेखात पहिला राजा यादवराय. लोक त्याला जदुराय म्हणतात. मग माधवसिंह, जगन्नाथ, रघुनाथ असं करत करत अठ्ठेचाळिसावा संग्रामशाह, एकोणपन्नासावा दलपतशाह, पन्नासावा वीरनारायण, आणि चोपन्नावा खुद्द हिरदेशाह.

इंग्रज अधिकाऱ्यांना या लेखाचं फार कुतूहल होतं. ठगांच्या बंदोबस्तासाठी ज्याचं नाव झालं तो स्लीमन इथेच जबलपूरला होता. त्याने १८३७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या राजांचा इतिहास छापला. पुढे फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृत पंडिताने मूळ लेख अभ्यासून अमेरिकेत प्रसिद्ध केला. स्लीमनने स्थानिक परंपरेवरून जदुरायचा काळ धरला इसवी सन ३५८. म्हणजे जवळजवळ समुद्रगुप्ताचा काळ!

यादीबरोबर एक दंतकथाही चालत आली. जदुराय हा बाहेरून, गोदावरीकडून आलेला राजपूत तरुण. गढ्याच्या गोंड राजाला एकच मुलगी. जदुरायशी तिचं लग्न झालं आणि राज्य जावयाकडे गेलं. ही कथा लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

पहिली तपासणी : साधा हिशोब

फौजेत असताना खबरीचा कागद समोर आला की दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या, ही सवय लागते. खबर देणारा कोण, आणि खबर स्वतः जुळते का. चांगला माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो, आणि शत्रूचा माणूसही खरं बोलू शकतो. वंशावळीला हेच लागू पडतं.

आधी हिशोब करू. दमोह जिल्ह्यातल्या ठर्रका गावी एका सतीच्या शिळेवर संवत १५७०, म्हणजे इसवी सन १५१३ च्या सुमाराचा लेख आहे. त्यात राजाचं नाव आम्हणदासदेव असं आहे. हाच पुढचा संग्रामशाह. म्हणजे अठ्ठेचाळिसावा राजा १५१३ ला गादीवर होता, आणि चोपन्नावा १६६७ ला. सहा पायऱ्या, १५४ वर्षं. एका पायरीला सरासरी पंचवीस-सव्वीस वर्षं.

हाच वेग धरून मागे गेलो तर त्रेपन्न पायऱ्यांना साडेतेराशे वर्षं लागतात. पहिला राजा चौथ्या शतकाच्या सुरुवातीला जाऊन बसतो. म्हणजे हिशोब अशक्य नाही. पण हिशोब जुळला म्हणून पुरावा मिळाला असं होत नाही. कागदावर नावं वाढवली की वर्षं आपोआप वाढतात.

हिशोबापेक्षा यादीची घडण जास्त बोलकी आहे. वरच्या भागात बहुतेक ठिकाणी बापानंतर मुलगा, त्याच्यानंतर त्याचा मुलगा, अशी सरळ रांग आहे. खऱ्या राजघराण्यात असं पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही. कुणी निपुत्रिक जातो, कुणाचा भाऊ गादीवर येतो, कुणी दत्तक घेतो, कुणी पुतण्याला बाजूला सारतो. आता याच यादीचा खालचा भाग बघा. पन्नासावा वीरनारायण मोगलांशी लढताना तरुणपणी मारला गेला. त्याच्यानंतर एक्कावन्नावा चंद्रशाह आला, तो त्याचा चुलता, दलपतशाहचा भाऊ. जिथे आपल्याला इतिहास इतर साधनांनी माहीत आहे, नेमका तिथे यादीत चुलता येतो. अडचणीच्या गोष्टी दिसायला लागल्या की समजावं, आपण खऱ्या आठवणीच्या प्रदेशात आलो.

दुसरी तपासणी : शेजारी काय म्हणतात

जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेत तेवर गाव लागतं. ही कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. नवव्या शतकापासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या परिसरात कलचुरींचा अंमल होता. कोकल्ल, युवराजदेव, गांगेयदेव, कर्ण ही त्यांतली मोठी नावं. त्यांचे ताम्रपट आणि शिलालेख नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी गोळा करून, वाचून, १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. मराठी माणसाने मध्य प्रदेशाच्या इतिहासावर केलेलं हे फार मोठं काम आहे.

कलचुरींची वंशावळही पुराणातल्या सहस्रार्जुनापासून सुरू होते. तिथे आपण मान हलवून पुढे जातो. पण त्यांच्या मधल्या आणि शेवटच्या राजांची गोष्ट वेगळी आहे. एक लेख एका राजाच्या काळचा, दुसरा त्याच्या नातवाच्या काळचा, तिसरा तिसऱ्याच गावचा. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी कोरलेले लेख एकमेकांना दुजोरा देतात. त्यात भावानंतर भाऊही येतो. नरसिंहानंतर त्याचा भाऊ जयसिंह गादीवर आला.

आता तेवर आणि गढा यांत अंतर किती? सकाळी फिरायला निघालेला धडधाकट माणूस चालत जाऊन येईल. इतक्या जवळ गोंड राजांची तीसेक पिढ्यांची राजवट चालू असती, तर कलचुरींच्या एवढ्या लेखांत तिचा काही मागमूस दिसायला हवा होता. तो दिसत नाही. म्हणून कलचुरींचा अंमल संपल्यानंतर केव्हातरी गढ्याचं गोंड राज्य उभं राहिलं, असं आज इतिहासकार मानतात.

तिसरी तपासणी : परक्याची साक्ष

रामनगरच्या दगडाआधी सत्तरेक वर्षं अबुल फजलने अकबरनामा लिहिला. तो विजेत्याच्या दरबारातला. अकबराचा सरदार आसफखान याने १५६४ मध्ये गढ्यावर स्वारी केली, दुर्गावती लढता लढता गेली. ती हकिकत सांगताना अबुल फजल या घराण्याची पूर्वपीठिकाही देतो.

तो चारच पिढ्या सांगतो. खरजी, त्याचा मुलगा संगीनदास, त्याचा अर्जुनदास, त्याचा अमनदास. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आधीच्या राजांना मान होता, पण हातात फारसं काही नव्हतं. खरजीने आसपासच्या राजांकडून खंडणी घेत शंभर घोडदळ आणि दहा हजार पायदळ उभं केलं. मुलाने ते वाढवलं. अमनदासाने बापाला मारून गादी घेतली, आणि पुढे गुजरातच्या बहादुरशाहला रायसेनच्या लढाईत मदत केली म्हणून त्याला संग्रामशाह हा किताब मिळाला.

आता जुळवून बघा. अमनदास हे नाव सतीच्या शिळेवरच्या आम्हणदासाशी जुळतं. त्या खेड्यातल्या दगडाचा आणि दिल्ली-आग्र्याच्या दरबाराचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन स्वतंत्र साक्षी एकच नाव सांगतात, म्हणून ते पक्कं. बाप अर्जुन, हेही रामनगरच्या यादीत आहे. तिथे तो अर्जुनसिंह होतो. त्याच्या वर मात्र दोन्हीकडची नावं तशीच्या तशी जुळत नाहीत. बापाला मारल्याची गोष्ट रामनगरला अर्थातच नाही. घरच्या दगडावर असलं कोण कोरणार?

आणि दुर्गावती? तिथे दोन्ही साक्षी एकत्र येतात. रामनगरचा लेख आधीच्या राजांना नुसती विशेषणं वाटतो : शूर, दानी, सूर्यासारखा तेजस्वी. दुर्गावतीपाशी आल्यावर तो घटना सांगायला लागतो. हत्तीवर बसून लढली, शत्रूच्या हाती पडण्याऐवजी स्वतःच्या हाताने प्राण दिला. अबुल फजल शत्रुपक्षाचा, तोही हत्ती आणि आत्मबलिदान या दोन्ही गोष्टी सांगतो. घरचा आणि शत्रूचा माणूस एकच सांगतो तेव्हा शंकेला जागा उरत नाही.

मग हाती काय आलं? संग्रामशाहपासून खाली यादी भक्कम. त्याच्या वरचा अर्जुन विश्वासार्ह. त्याआधीच्या दोनेक पिढ्या धूसर, पण घराण्याची खरी उभारणी पंधराव्या शतकात झाली एवढं नक्की. त्याच्या वरची चाळीसहून अधिक नावं दगडावर आहेत, आधार त्या दगडाचाच.

मग ती नावं आली कुठून, आणि का?

कुणी म्हणेल, म्हणजे पंडिताने थापा मारल्या. मला तसं म्हणायचं नाही. १६६७ पर्यंत या घराण्यावर काय गुदरलं होतं ते बघा. १५६४ मध्ये मोगलांनी राज्य मोडलं. १६३४ मध्ये ओरछ्याच्या जुझारसिंह बुंदेल्याने चौरागड घेतला आणि हिरदेशाहच्या बापाला, प्रेमनारायणाला मारलं. हिरदेशाहने धडपडून राज्य परत मिळवलं आणि राजधानी रामनगरला, नर्मदेकाठच्या जंगलात हलवली. आजूबाजूला बुंदेले, बघेले, वर मोगल. सगळे आपापलं कूळ मिरवणारे. अशा वेळी नव्या राजधानीत, नव्या देवळावर तो कोरून ठेवतो : आम्ही कालचे नव्हे, आमच्या चोपन्न पिढ्या इथे राज्य करत आल्या. ती यादी १६६७ मधल्या राजाची गरज सांगते. त्या अर्थाने ती अगदी खरी आहे.

सात वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी भोसले घराण्याचं नातं मेवाडच्या सिसोदियांशी सांगितलं गेलं. त्यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. पण बाबाजी, मालोजी, शहाजी ही साखळी कागदपत्रांनी पक्की आहे, आणि महाराजांचं मोठेपण त्यांच्या कर्तृत्वाचं आहे. वरचा दुवा जुळो न जुळो, त्यात तसूभर फरक पडत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा छोटा डोंगराळ देश आहे. तिथल्या कायद्यात जमिनीचा वाटा आणि खुनाची भरपाई नात्यावर ठरायची, त्यामुळे साध्या शेतकऱ्यालाही आपल्या पिढ्या पाठ असत. दहाव्या शतकात तिथल्या ओवेन नावाच्या राजाची वंशावळ लिहिली गेली. ती वर वर जात पोचते अॅना नावाच्या बाईपाशी, आणि लेखक म्हणतो, ही येशूच्या आईची, मेरीची चुलत बहीण होती असं सांगतात! तिथले अभ्यासकही हेच करतात. ओवेन, त्याचा बाप हिवेल, त्याचा बाप, असं खालून वर चढतात, आणि साक्ष संपली की थांबतात.

नाणं वेगळंच बोलतं

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. संग्रामशाहची नाणी सापडली आहेत. संवत १६०० चं, म्हणजे १५४३ च्या सुमाराचं नाणं बघा. त्यावर राजा स्वतःला पुलस्त्यवंशी म्हणवतो. पुलस्त्य ऋषी कोण? रावणाचा आजोबा. गोंड समाजात रावणाशी नातं सांगणारी परंपरा जुनी आहे.

विचार करा. घराण्यातला सगळ्यात बलाढ्य राजा, ज्याच्याकडे बावन्न गड होते असं सांगतात, तो स्वतःच्या टांकसाळीतून ठणकावून सांगतो की मी पुलस्त्याच्या वंशातला. सव्वाशे वर्षांनी, घराणं अडचणीत असताना, यादी सुरू होते यादवरायापासून. आणि तिच्याबरोबर चालत आलेली दंतकथा म्हणते, राज्य मिळवणारा मूळ पुरुष गोंड नव्हताच, बाहेरून आलेला जावई होता.

या फरकाची किंमत आजही कुणाला तरी मोजावी लागते. जदुरायची कथा जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारली, तर तलाव बांधणारे, गड राखणारे, मोगलांशी लढणारे गोंड हे स्वतःच्या राज्यात फक्त सासुरवाडीचे लोक उरतात. राज्य केलं दुसऱ्याच कुणीतरी. पुराव्याने पाहिलं तर तसं म्हणायला काही आधार नाही. गोंडांचे परधान बाणा वाजवत आपल्या राजांच्या कथा गातात, त्यात त्यांना कुणाकडून कूळ उसनं घ्यावं लागत नाही.

अबुल फजलने आणखी एक कुजबुज नोंदवली आहे : दलपतशाह हा संग्रामशाहचा पोटचा मुलगा नव्हता, गोविंददास कछवाहा नावाच्या चाकराचा मुलगा राजाने आपला म्हणून वाढवला. याला दुसरी साक्ष नाही. विजेत्याच्या दरबारात हरलेल्या राजाच्या जन्माबद्दल बोललं जातं, तेव्हा ते “एका बाजूची खबर” असा शेरा मारून वेगळं ठेवायचं. जशी चाळीस नावं एका साक्षीवर मान्य करायची नाहीत, तशी बदनामीही एका साक्षीवर मान्य करायची नाही. दोन्हीला माप एकच.

या घराण्याचा शेवट मात्र कुणाच्या साक्षीवर अडून नाही. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली, त्यात राजा महाराजशाह मारला गेला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी राज्यच घेतलं. यात आपल्या लोकांचा हात आहे, हेही मराठी माणसाने माहीत करून घ्यावं. आणि १८ सप्टेंबर १८५७ रोजी, जबलपूरमध्ये, या घराण्याचे वंशज शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं. त्याच रात्री इथली बावन्नावी पलटण बंड करून निघून गेली. शंकरशाहांना कुणी विचारलं नाही की तुमचा पहिला पूर्वज चौथ्या शतकातला की पंधराव्या.

तुमच्या घरातली वंशावळ

आता तुमच्या प्रश्नाकडे. सागर-जबलपूर भागातल्या बऱ्याच मराठी घरांत सांगतात की आम्ही गोविंदपंत बुंदेल्यांबरोबर आलो. काही घरं खरंच तेव्हाची आहेत. पण १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेव्हाही लोक आले. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडचे रेल्वेमार्ग जबलपूरला जुळले, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, तेव्हाही आले. आपलं घर नेमकं कधी आलं, हे शोधायचं तर एवढं करा.

स्वतःपासून सुरुवात करा आणि वर चढा. राजापासून खाली उतरू नका. वरून उतरलं की वाट हमखास आपल्याच दारात येते.

प्रत्येक पायरीला विचारा, हे त्या काळी कुणी लिहिलं का? शाळेचा दाखला, जमिनीचे फेरफार, नोकरीचं सेवापुस्तक, इनामाचे कागद, त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. वहीत तुमच्या पणजोबांनी स्वतः सही केली असेल तर ती सोन्यासारखी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. मोडी वाचणारा माणूस शोधा, किंवा स्वतः शिका. साठीनंतरही येते.

छापील कुलवृत्तान्त असेल तर तो कोणत्या साली आणि कशासाठी तयार झाला ते बघा. वतनाच्या तंट्यासाठी केलेली वंशावळ आपल्या बाजूच्या शाखा ठळक दाखवते आणि भाऊबंदांच्या शाखा गाळते.

दोन साक्षी घ्या, आणि त्या एकमेकींवरून उतरवलेल्या नाहीत याची खात्री करा. एकाच वहीच्या तीन नकला म्हणजे तीन साक्षी नव्हेत.

विधवा, दत्तक, निपुत्रिक चुलते, परागंदा झालेले भाऊ, घरातल्या लेकी यांची नावं गाळू नका. खरी वंशावळ त्यांच्यावरूनच ओळखू येते.

आणि साक्ष संपली की पेन्सिलने एक रेघ मारा. तिच्या वर “घरात असं सांगतात” एवढं लिहून ती नावंही उतरवून ठेवा, फाडून टाकू नका. पूर्वजांना ती नावं का हवीशी वाटली, हाही तुमच्या घराचा इतिहास आहे.

रामनगरला कधी आलात तर मोतीमहालातला तो दगड जरूर बघा. तुमच्या वंशावळीत साक्ष कितव्या पिढीला संपते ते मला कळवा. पुढच्या भागात राणी दुर्गावतीची नर्रईची लढाई, जमिनीचा चढउतार आणि नदीचं पाणी यांच्या हिशोबाने समजून घेऊ. तोपर्यंत रजा घेतो. जय हिंद.